मुंबईच्या किनाऱ्यावरचा कातळ किती झिजतो, हे मोजायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: महाविद्यालयाच्या भूगोल विभागातल्या तुम्हा पाच-सहा जणांना वांद्र्याच्या बँडस्टँडसमोरचा कातळ समुद्र किती वेगाने खातोय हे मोजायचं आहे. हाताशी दोन वर्षं आणि एक चांगला कॅमेरा आहे, पैसे बेताचे आहेत. उपग्रहचित्रांत तिथला किनारा जागचा हललेला दिसत नाही, म्हणून "इथे झीज नाहीच, दुसरा विषय घ्या" असा सल्ला तुम्हाला मिळालाय. शिवाय उपग्रहाधारित सर्वेक्षण यंत्र भाड्याने घ्यावं का आणि हे आकडे किनारा सांभाळणाऱ्यांच्या खरंच उपयोगी पडतात का, हेही तुम्ही विचारलंय.

विषय बदलू नका. कोकणातल्या आणि मुंबईतल्या खडकाळ किनाऱ्यांवर मी वीसेक वर्षं मोजणी करतोय. उपग्रहचित्रात जे दिसत नाही, नेमकं तेच इथे मोजायचं असतं. राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने 1990 ते 2018 या काळातल्या किनाऱ्याच्या बदलांचा देशभर अभ्यास केला, त्यात मुख्य भूमीच्या किनाऱ्याचा 33.6 टक्के भाग झिजता निघाला. काम मोलाचं आहे, पण अशा अभ्यासात पाणी आणि जमीन यांच्यामधली रेषा कुठे सरकली हे बघितलं जातं. वाळू गेली की रेषा मागे येते. कातळ मात्र रेषा हलवण्याआधी वर्षानुवर्षं नुसता खाली उतरत राहतो. त्यातून मुंबईत ही रेषा म्हणजे बहुतेक ठिकाणी माणसाने बांधलेली भिंत. भिंत उभी आहे तोवर नकाशात किनारा स्थिर. तिच्या पायाशी काय चाललंय, ते नकाशाला कळायला मार्ग नाही.

आणि पायाशी जे चालतं, त्यावरच भिंतीचं आयुष्य ठरतं. ओहोटीला उघडा पडणारा हा पसरट कातळ, पुस्तकातला तरंगघर्षित चबुतरा, आपल्याकडचं खडप, हा शहराला फुकट मिळालेला लाटरोधक आहे. उथळ पाण्यात लाट खोलीच्या साधारण पाऊणपटीहून उंच राहू शकत नाही, त्याआधीच फुटते. रुंद खडपावरून येताना ती त्याहूनही खचते. लाटेतली ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे भिंतीपाशी पाण्याची खोली 10 टक्क्यांनी वाढली, तर आदळणारी ऊर्जा सुमारे 21 टक्क्यांनी वाढू शकते. उत्तर हिंद महासागराची पातळी 1993 ते 2017 या काळात वर्षाला सरासरी 3.3 मिलीमीटरने चढली. त्याच वेळी कातळ समजा वर्षाला 1 मिलीमीटर उतरत असेल, तर भिंतीच्या दृष्टीने समुद्र 4.3 मिलीमीटरने चढतोय. यातल्या पहिल्या आकड्यावर सगळे बोलतात, दुसरा बहुतेक ठिकाणी कोणी मोजलेलाच नसतो. तुमच्या प्रकल्पाची गरज इथे आहे.

आता खडकाकडे वळू. मुंबईचा खडक म्हणजे काळा, अभंग पाषाण, ही समजूत खडपावर एक सकाळ घालवली तरी गळून पडते. हा सगळा सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचा पसारा, पण एकजिनसी नाही. वांद्र्याच्या बाजूला बेसाल्टबरोबर राखेचे आणि तुकड्यांचे दगड आहेत, मढ-मार्वेकडे फिकट रंगाचे ट्रॅकाइटसारखे खडक आहेत. वरळी-मलबार हिलच्या रांगेत कठीण लाव्ह्याखाली गोड्या पाण्यात साचलेला मऊ शेल, म्हणजे चिखलाचा पातळ थरांचा दगड आहे. याच शेलमधल्या छोट्या बेडकांच्या जीवाश्मांचं वर्णन इंग्रज जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी 1847 साली केलं. दख्खनच्या पठारावर जवळजवळ आडवे पडलेले थर मुंबईत पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राकडे कलतात. त्यामुळे भेगांनी सुट्या झालेल्या दगडाला घसरायला आयता उतार मिळतो. बेसाल्टमधल्या जुन्या वायूच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाचं खनिज भरलेलं असतं, ते निघून गेलं की खळगे पडतात आणि खळग्यात खारं पाणी साचतं. काही ठिकाणी दगड कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटतो. दहा पावलांच्या आत असे तीन-चार प्रकार भेटतात, प्रत्येकाची झिजण्याची तऱ्हा वेगळी.

म्हणून "वांद्र्याचा कातळ वर्षाला इतका झिजतो" असा एकच आकडा शोधू नका. मी तो शोधला होता, आणि त्यात माझी काही वर्षं गेली.

सुरुवातीला मी सूक्ष्म-झीजमापकावर विसंबून होतो. हे उपकरण 1970 मध्ये हाय आणि हॅना यांनी मांडलं आणि आजही त्याला तोड नाही. कातळात तीन स्टेनलेस स्टीलच्या खुंट्या कायमच्या बसवायच्या. उपकरणाचे तीन पाय त्यांवर दर वेळी अगदी त्याच जागी बसतात आणि मधली डायलची सुई पृष्ठभागापर्यंतचं अंतर मिलीमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत सांगते. न्यूझीलंडच्या कैकोरा इथे 1973 साली बसवलेल्या खुंट्या पुढच्या पिढीतल्या संशोधकांनी वीस वर्षांनी पुन्हा वाचल्या. तिथल्या चुनखडीत आणि मडस्टोनमध्ये सरासरी वर्षाला मिलीमीटरच्या आसपास झीज निघाली. आपला ताजा बेसाल्ट याहून बराच चिवट, पण राखेचा दगड आणि शेल यांच्याबद्दल तसं गृहीत धरू नका.

माझ्या खुंट्यांची वाचनं तीन वर्षं नीट येत होती, झीज नगण्य होती. चौथ्या पावसाळ्यानंतर गेलो तर एका जागी तीनपैकी दोन खुंट्या नाहीत. चोरीला गेल्या असं धरून मी नोंदवहीत "खुंटी सापडली नाही" लिहिलं आणि ती जागा सरासरीतून वगळली. पुढच्या ओहोटीला जुना फोटो हातात धरून त्याच ठिकाणी उभा राहिलो तेव्हा कळलं, की खुंट्यांसकट दगडच गेला होता. भेगेपासून भेगेपर्यंतचा, ओट्याएवढा तुकडा लाटांनी उचलून काही अंतरावर उलटा टाकला होता. तीन वर्षांत पृष्ठभागावरून जे खरवडलं गेलं होतं, त्याच्या कित्येक पट खडक एका पावसाळ्यात हलला होता आणि मी ती नोंद 'माहिती नाही' म्हणून टाकून दिली होती.

एवढी एक गोष्ट माझ्याकडून घ्या: हरवलेली खुंटी ही तुमच्या वहीतली सगळ्यांत मोठी नोंद असू शकते. उरलेल्याच खुंट्यांची सरासरी काढली, तर जो कातळ टिकला त्याचीच झीज तुम्ही मोजली, असा अर्थ होतो. जगभरचे झीजमापकाचे आकडे वाचतानाही गेलेल्या खुंट्यांचं काय केलं, हे आधी बघत जा.

यावरून मोजणीची आखणी कशी करायची ते सांगतो. तुम्हाला दोन वेगळ्या गोष्टी दोन वेगळ्या मापांनी पकडायच्या आहेत: कणाकणाने होणारी खरवड आणि तुकड्यातुकड्याने होणारी मोडतोड.

खरवडीसाठी खुंट्या हव्यातच. भिंतीच्या पायापासून पाण्याच्या कडेपर्यंत एक सरळ रेषा आखा आणि तिच्यावर वरच्या, मधल्या, खालच्या पट्ट्यात जागा निवडा. वरच्या पट्ट्यात ओलं-सुकं होण्याचा आणि मिठाचे स्फटिक बनण्याचा मारा जास्त, खालच्यात लाटांचा आणि जीवांचा. पैसे कमी असतील तर एकच रेषा पण तीन प्रकारच्या खडकांवर, असं करा. एकाच खडकावर तीन रेषा नकोत. स्टील 316 दर्जाचंच घ्या, 304 ला समुद्रात लवकर खड्डे पडतात. खुंटीचं डोकं कातळाच्या पातळीत किंवा जरा खाली ठेवा. वर आलेलं चकचकीत डोकं मुंबईत भंगारात जातं, आणि कोणा पोराच्या पायालाही लागतं. बसवल्यावर लगेच पहिलं वाचन घेऊ नका, चिकटद्रव्य पक्कं व्हायला काही आठवडे द्या. दर वेळी वाचनाआधी एका जाड, न बदलणाऱ्या ठोकळ्यावर उपकरण तपासा. 200 मिलीमीटर स्टेनलेस स्टील 10 अंशांनी तापलं की सुमारे 0.03 मिलीमीटरने वाढतं. कडक बेसाल्टची वर्षभराची झीज त्याच घरात असू शकते, म्हणून सकाळचं वाचन दुपारच्या वाचनाशी ताडून पाहू नका.

एखाद्या फेरीत कातळ उंच झालेला दिसेल. मला पहिल्यांदा दिसला तेव्हा उपकरण बिघडलंय असं समजून मी ती पानं बाजूला ठेवली. खडकाचा पृष्ठभाग पाणी आणि मीठ पिऊन फुगतो, हे कैकोरालाही नोंदलं गेलंय. फुगणं म्हणजे झिजण्याची पूर्वतयारी, ती वाचनं जपून ठेवा. मात्र सुईखाली खडकच आहे ना, बार्नॅकल, कालव किंवा शेवाळाचा थर नाही ना, याची दर वेळी खात्री करा. पावसाळ्यानंतर आपलं खडप हिरवंगार आणि निसरडं झालेलं असतं, तेव्हा ही चूक हमखास होते.

मोडतोडीसाठी तुमचा कॅमेरा पुरेसा आहे. प्रत्येक खुंटीच्या जागेभोवती पाचेक मीटरचा चौकोन ठरवा आणि त्याचे सगळ्या बाजूंनी इतके फोटो काढा, की एका फोटोतला किमान पाऊण भाग पुढच्या फोटोतही येईल. चौकोनात मापपट्ट्या ठेवा, खुंट्यांची डोकी फोटोत स्पष्ट येऊ द्या. संगणकावर त्यांची त्रिमितीय प्रतिमा बनते आणि दोन हंगामांच्या प्रतिमा एकमेकींतून वजा केल्या की कुठला तुकडा गेला ते डोळ्यांसमोर येतं. ऊन तिरपं असताना लांब सावल्यांनी गोंधळ होतो, ढगाळ सकाळ उत्तम. ड्रोनच्या मागे लागू नका. विमानतळ आणि जुहूची धावपट्टी दोन्ही जवळ, परवानगीतच तुमचा एक हंगाम जाईल. लांब काठीला लावलेला कॅमेरा इथे तितकंच काम करतो.

माझं सर्वांत आवडतं माप मात्र सगळ्यांत स्वस्त आहे. समुद्राकडच्या मोठ्या भेगांच्या दोन्ही काठांवर एकेक छोटी खुंटी बसवा आणि त्यांच्यातलं अंतर व्हर्नियरने मोजत राहा. तुकडा सुटण्याआधी भेग रुंदावते. दोन वर्षांत एकही दगड गेला नाही, तरी कुठला जायच्या बेतात आहे हे तुम्ही सांगू शकाल, आणि किनारा सांभाळणाऱ्याला झालेल्या झिजेपेक्षा ही बातमी जास्त मोलाची असते. खडपावर सुटे पडलेले मोठे धोंडे क्रमांक देऊन ठेवा. पावसाळ्यात ते कुठून कुठे गेले, त्यावरून लाटांचा जोर कळतोच. शिवाय त्यांच्या गडगडण्यानेच कातळ घासला जातो, खळगे खोल होतात. भिंतीसाठी टाकलेला आणि नंतर सुटलेला दगडही हेच करतो. संरक्षणासाठी आणलेला दगड जात्यासारखा फिरताना मी पाहिलाय.

उपग्रहाधारित सर्वेक्षण यंत्राबद्दल तुम्ही विचारलंय. भाड्याने जरूर घ्या, पण भलत्या कामासाठी नको. त्याची उभी, म्हणजे उंचीतली चूक चांगल्या स्थितीत 2 सेंटीमीटरच्या आसपास. दोन सर्वेक्षणांच्या फरकात ती सुमारे 2.8 सेंटीमीटर होते. वर्षाला 1 मिलीमीटर उतरणारा कातळ वीस वर्षांत 2 सेंटीमीटर उतरतो, म्हणजे तुमच्या अख्ख्या नोकरीच्या काळातली झीज त्या यंत्राच्या चुकीत बुडून जाईल. मग ते कशाला हवं? तुमच्या खुंट्यांची पातळी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तलचिन्हाशी, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या कायमच्या खुणेशी जोडायला. ती जोडणी नसेल तर तीस वर्षांनी येणाऱ्याला "खुंटीपासून इतकं खाली" एवढंच कळेल आणि खुंटीच नसेल तर काहीच कळणार नाही. अपोलो बंदराच्या भरती-ओहोटीच्या नोंदी 1878 पासून आहेत, त्या टिकल्या आणि कामाला आल्या त्या याच शिस्तीमुळे. समुद्राची पातळी आपण इतकी वर्षं मोजली, समुद्राखालच्या कातळाची नाही.

जुन्या काळाकडे बघायचं असेल तर तारीख ठाऊक असलेलं बांधकाम शोधा. वांद्र्याचा पोर्तुगीज किल्ला 1640 चा, कुलाब्याच्या टोकाला खडकावर उभं असलेलं प्रॉन्ग्ज दीपगृह 1875 चं. कातळावर थेट बांधलेल्या जुन्या दगडकामाखालचा खडक झाकलेला राहतो, आजूबाजूचा उतरतो. त्या दोन पातळ्यांमधला फरक भागिले वर्षं, हे ढोबळ पण खरं माप. नंतरची डागडुजी तेवढी तपासून घ्या आणि अशा वास्तूला भोक पाडायचा विचारही करू नका, फक्त फोटो घ्या. चिंबई, खारदांडा इथल्या घरांतले जुने अल्बमही बघा. लग्नानंतर जोडप्याने खडपावर उभं राहून काढलेल्या फोटोत मागचा दगड ओळखता आला, तर तुमच्या हाती चाळीस-पन्नास वर्षांची नोंद येते. मी असे फोटो चहा पीत पीत, घरोघरी बसून जमवलेत. ज्या मावशी वर्षानुवर्षं खडपावर कालवं काढायला जातात त्यांना कुठला दगड कधी हलला हे वाराच्या हिशेबाने नाही, पण कुठल्या पावसाळ्यात ते नक्की आठवतं. त्यांना विचारल्याशिवाय जागा निवडू नका. कालवं फोडतानाही कातळाला घाव बसतात, तिथे खुंटी नको.

खुंटी प्रवाळावर किंवा त्याच्या लगत तर नकोच. मुंबईच्या खडपांवर प्रवाळ आहे, आणि दगडी प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. भोक पाडण्याची लेखी परवानगी आधी घ्या. मी एकदा तोंडी होकारावर काम सुरू केलं होतं. पुढच्या वर्षी तिथे भराव आला आणि खुंट्या गाडल्या गेल्या. इथे मोजणी चालू आहे हे कुठल्याच कागदावर नव्हतं, त्यामुळे मला कोणाला विचारताही आलं नाही.

आता उपयोगाचं. किनारी नियमन क्षेत्राच्या 2019 च्या अधिसूचनेत धोकारेषेचा, म्हणजे समुद्राचा धोका कुठवर पोचतो हे दाखवणाऱ्या रेषेचा वापर आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनासाठी ठेवलाय. अशा रेषा आखताना खडकाळ किनारा साधारणपणे सुरक्षित खात्यात जातो. तुमचं काम तिथे उपयोगी पडेल, पण अभियंत्याला "वर्षाला 0.2 मिलीमीटर" एवढंच नेऊन दिलंत तर तो बरोबरच म्हणेल, की मग काळजी कसली. त्याला तीन गोष्टी द्या: भिंतीच्या पायाची आजची पातळी तलचिन्हाशी जोडून, पायासमोरच्या भेगांचा नकाशा, आणि कुठला तुकडा सुटला तर पायाशी खोली एकदम किती वाढेल हे. कातळ सावकाश उतरतो तेव्हा भिंतीला वेळ मिळतो. अर्ध्या मीटरचा थर एका पावसाळ्यात गेला तर मिळत नाही.

प्रिन्सेस स्ट्रीटच्या उड्डाणपुलापासून वरळीपर्यंतच्या 10.58 किलोमीटरच्या किनारी रस्त्याने जिथे खडपावर भराव आलाय, तिथली आधीची पातळी आता मोजता येणार नाही. याचं मला मनापासून दुःख आहे. पण नव्या भिंतीचा पाया आणि तिची दोन्ही टोकं आजही मोजता येतील, आणि लाटा परतवणारी भिंत संपते तिथे शेजारच्या उघड्या कातळाचं काय होतं हे बघायला याहून चांगली जागा नाही. तुमच्यातल्या दोघांना वेगळा विषय हवाच असेल तर हा घ्या.

दोन वर्षांत झिजेचा वेग निघेल का? राखेच्या दगडात कदाचित, कडक बेसाल्टमध्ये बहुधा नाही. तसं स्पष्ट लिहा. "उपकरणाच्या चुकीपेक्षा जास्त बदल आढळला नाही" हाही निष्कर्षच आहे, फक्त तो खुंट्यांच्या पातळ्या, फोटो आणि जागांचे नकाशे यांसह विभागात जपून ठेवा, म्हणजे पुढच्या तुकडीला तिथूनच सुरू करता येईल.

वेळापत्रक असं ठेवा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुंबईत ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी साडेसहा-सातच्या सुमारास येते, भरती दुपारी आणि मध्यरात्री. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत जाऊन उपयोग नाही, खालचा पट्टा उघडाच पडत नाही. ओहोटीच्या वेळेआधी तासभर खडपावर उतरा, पाणी फिरलं की वरच्या पट्ट्याकडे सरका. एकाने काम सोडून फक्त समुद्राकडे बघायचं, ही पाळी ठरवून घ्या. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत खडपावर पाऊलही टाकायचं नाही, त्या काळात भिंतीवरून ठरावीक जागेवरून फोटो घ्या. पहिल्या दोन ओहोट्या नुसत्या भेगा रेखाटण्यात घालवा, यंत्र घरी ठेवा. खुंट्या फेब्रुवारीत बसवा, पहिलं वाचन एप्रिलमध्ये, दुसरं मेच्या शेवटच्या उधाणाला, आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये तिसरं. ऑक्टोबरच्या त्या फेरीत एखादी खुंटी दिसली नाही, तर वहीत काही लिहिण्याआधी मेमधला फोटो काढून त्याच जागी उभे राहा आणि भोवतीच्या वीस-पंचवीस मीटरमध्ये उलटा पडलेला दगड शोधा.